फॉर्म टाकला म्हणजे डिमांड भरली असं नाही, खुलासा

आपल्या इकडच्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला की डिमांड म्हणजे मागणी, म्हणून पंपाच्या कनेक्शनचा फॉर्म टाकला की डिमांड भरली, आता फक्त नंबर लागायची वाट पाहा. भाऊ हे साफ चुकीचं आहे अन् यानं माणूस उगाच वाट पाहत बसते. आपण देतो तो अर्ज. मग वीज ऑफिसवाले वावरात येऊन खांब किती, तार किती लागते ते पाहतात अन् पैसे किती भरायचे त्याचा कागद काढतात, तो डिमांड नोट, कोणी कोटेशन म्हणते. म्हणजे इथं मागणारं ऑफिस आहे, आपण नाही. ते पैसे भरून पावती हातात आली तेव्हा डिमांड भरली. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतही नुसत्या अर्जानं भागत नाही, ओपनवाल्याला पंपाच्या किमतीचा १० टक्के, एससी-एसटीला ५ टक्के हिस्सा भराच लागते.

बँकेतला डिमांड ड्राफ्ट वेगळा, तो ३ महिन्यांच्या आत दाखवला की बँकेनं पैसे द्यायचे. कापसाला डिमांड आहे म्हणतो ते तर खपाचं.

अन् इंग्रजीत अर्ज लिहून देणाऱ्या पोरांनो, आय डिमांड नका लिहू, ते हक्कानं ठणकावून मागणं झालं, साध्या अर्जात रिक्वेस्टच लिहा.