जिवाणूंना शिव्या देऊन सीओडी उतरत नाही

कचराभूमीच्या तळातून झिरपणाऱ्या काळपट पाण्याचा, म्हणजे लीचेटचा, सीओडी (पाण्यातले प्रदूषक रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) उतरला नाही की वरिष्ठांकडून ठरलेले फर्मान सुटते: हवा फुंकणारे ब्लोअर जास्त वेळ चालवा आणि टाकीत नवे कल्चर, म्हणजे ताजे जिवाणू, सोडा. या फर्मानाचा मला अक्षरशः वीट आला आहे. कचरा ताजा असताना लीचेटमध्ये सहज कुजणारी सेंद्रिय आम्ले भरपूर असतात, बीओडी (जिवाणूंना प्रदूषक पचवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) सीओडीच्या निम्म्याहूनही अधिक भरू शकतो आणि त्या काळात जिवाणू आपले काम चोख करतात, हे मान्य. पण भराव जुना झाला की हेच गुणोत्तर अनेकदा ०.१ च्याही खाली घसरते आणि मागे मुख्यतः ह्युमिक व फुल्विक आम्ले उरतात, ज्यांना जिवाणू सहसा तोंड लावत नाहीत. अशा पाण्यात रात्रंदिवस हवा फुंकून विजेच्या बिलाखेरीज दुसरे काय वाढणार?

जिवाणूंऐवजी रसायनांनी सेंद्रिय पदार्थ तोडणाऱ्या फेंटन प्रक्रियेचे नाव काढले की लगेच खर्च आठवतो. खर्च आहेच. पीएच ३ च्या आसपास आणायला आम्ल लागते, मग फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, शेवटी पीएच पुन्हा वर आणायला चुना किंवा कॉस्टिक, आणि एवढे करून लोहयुक्त गाळ पदरी पडतो तो वेगळाच. त्यातही पेरॉक्साइड थोडे शिल्लक राहिले, तर ते सीओडीच्या चाचणीतले डायक्रोमेट हे रसायन खाऊन आकडा फुगवते, आणि हे न तपासताच ‘प्रक्रिया निकामी’ असा शेरा मारणारे महाभाग भेटतात.

आरओ, म्हणजे दाबाने पडद्यातून पाणी गाळणारी यंत्रणा, बसवणाऱ्यांचा तोरा तर विचारूच नका. पडद्यापलीकडचे पाणी नितळ दिसते म्हणून फोटो काढले जातात, पण पडद्याच्या अलीकडे साठलेले गडद, खारट पाणी पुन्हा भरावावरच ओतले जाते आणि कालांतराने त्यातले क्षार व अमोनिया लीचेटमधून आमच्याच दारी परततात. (ते फोटोत येत नाही.)

सर्वांत संताप येतो तो नमुना घेण्याआधी साधे पाणी मिसळणाऱ्यांचा. त्याने प्रतिलिटर मिलिग्रॅमचा आकडा मर्यादेत बसतो, पण बाहेर पडणाऱ्या प्रदूषकांतले एक ग्रॅमही कमी होत नाही. म्हणून दररोजचा एकूण भार नोंदवा, असे मी लेखी मागत आलो आहे. त्यासाठी चालू प्रवाहमापक लागतो, आणि आमचा प्रवाहमापक बंद असल्याची तक्रार ‘विचाराधीन’ आहे.