जेटमध्ये तार घालू नका: कार्ब्युरेटरच्या त्या व्हायरल नुस्ख्याचा प्रतिवाद

जुन्या स्पोर्ट्स कारचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, एका दिवसात ‘नव्यासारखा’ करून देणारा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातील सल्ले थोडक्यात असे: सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा, जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी भागातून) तार फिरवा, भोक जरा मोठे झाले तर ताकदच वाढते, दुरुस्तीचे किट आणून गॅस्केट (सांध्यांतली गळती रोखणाऱ्या चकत्या) बदला, डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या तेलाच्या नळीत) तेल नसले तरी चालते, मिक्स्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू दीड फेरा उघडा, आणि तरीही आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे संथ चालणे) स्थिर होत नसेल तर मिक्स्चर आणखी रिच (जास्त पेट्रोलचे) करा. माझ्या भाच्याने एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार दुरुस्तीला घेतली आहे. ‘मामा, एवढे केले की झाले ना?’ असे विचारून त्याने हा संदेश मला पाठवला. त्याने तार हातात घेण्यापूर्वी हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत अविचारी सल्ला तारेचा आहे. वेबर डीसीओई या स्पोर्ट्स कारांवरच्या कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर १२० हा आकडा कोरलेला असेल, तर त्याचा अर्थ भोकाचा व्यास १.२० मिलिमीटर आहे. त्यापुढचा १२५ क्रमांकाचा जेट केवळ ०.०५ मिलिमीटरने मोठा असतो, तरीही भोकाचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा फरक इंजिनाला पूर्णपणे जाणवतो. पितळ मऊ असते. पोलादी तार दोनचार वेळा फिरवली की भोकाची कड खरवडली जाते, त्याचा गोलपणा जातो आणि जेटवरचा आकडा खोटा ठरतो. त्यानंतर चार सिलिंडरांना चार वेगळी मिश्रणे मिळू लागली, तर दोष शोधायचा कुठे? मोठ्या जेटने ताकद वाढते हेही खरे नाही. इंजिन जेवढी हवा ओढते त्या प्रमाणातच पेट्रोल लागते. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, ऑइल पातळ करते आणि रिंगांची झीज वाढवते. जेट सॉल्व्हंटमध्ये भिजवावा, दाबाच्या हवेने साफ करावा आणि तरीही भोक मोकळे झाले नाही तर त्याच क्रमांकाचा नवा बसवावा.

सर्वांत घातक सल्ला मात्र शेवटचा आहे, कारण तो खरा दोष झाकतो. अनेक वर्षे चाललेल्या कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटल शाफ्ट (ॲक्सिलरेटरने फिरणाऱ्या हवेच्या झडपेचा दांडा) आणि त्याचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) झिजतात. शाफ्ट बाहेर काढून त्यावरून नख फिरवले, तर बुशमध्ये फिरणाऱ्या भागापाशी पायरी लागते. त्या फटीतून इंजिन मोजमापाबाहेरची हवा ओढते आणि आयडलिंगला मिश्रण लीन (कमी पेट्रोलचे) होते. थ्रॉटल उघडला की त्याच गळतीचा परिणाम तुलनेने नगण्य होतो. संदेशाप्रमाणे मिक्स्चर रिच केले तर आयडलिंग कदाचित सावरेल, पण त्यापुढच्या प्रत्येक वेगाला प्लग काळे पडतील. सर्वसाधारण किटमध्ये गॅस्केट, सील आणि फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) नीडल, म्हणजे पेट्रोल बंद करणारी सुई, असते; बॉडीतील झिजलेली भोके त्याने भरत नाहीत. त्यासाठी बॉडीतील भोके अचूक रीम करून (कापून मोठी करून) नवे बुश आणि नवा शाफ्ट बसवावा लागतो, आणि हे काम ज्याच्याकडे त्याची साधने आहेत त्यानेच करावे. इंजिन बंद असताना शाफ्टची टोके हाताने हलवून पाहायला एक मिनिट पुरते. त्या एका मिनिटाचा उल्लेखही संदेशात नाही.

साफसफाईने पुष्कळ गाड्या सुधारतात, हे मान्य केले पाहिजे. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की पेट्रोल आटून त्याचा चिकट थर बारीक मार्गांत बसतो, आणि तो निघाल्यावर इंजिन खरोखरच सुरळीत चालते. पण त्यासाठी व्हिनेगर नको. त्यातील आम्ल जस्ताच्या आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना खाते, आणि रात्रभर भिजवलेला भाग वरून चकचकीत दिसला तरी त्याचा पृष्ठभाग खरबरीत झालेला असतो.

उरलेल्या दोन सल्ल्यांना एमजीबीचे मूळ वर्कशॉप मॅन्युअल पुरेसे उत्तर देते. त्या गाडीवरच्या एसयू एचएस ४ कार्ब्युरेटरला प्रवेगासाठी वेगळा पंप नाही. ॲक्सिलरेटर दाबताच कार्ब्युरेटरमधला पिस्टन (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग) झटकन वर जाऊ नये आणि क्षणभर मिश्रण रिच राहावे, हे काम डॅशपॉटमधले तेलच करते. ते नसेल तर पिकअप घेताना इंजिन अडखळते. मिक्स्चरसाठी त्यावर दीड फेऱ्याचा स्क्रूही नाही. जेट खालच्या नटने वर-खाली होतो: प्रथम तो ब्रिजच्या (हवेच्या वाटेतल्या, जेटभोवतीच्या उंचवट्याच्या) पातळीला आणायचा, मग नट दोन फेरे खाली घ्यायचा. नंतर गरम इंजिनावर पिस्टन पिनने साधारण ०.८ मिलिमीटर उचलून पाहायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच, लगेच पडला तर लीन, आणि किंचित वाढून स्थिरावला तर बरोबर. वेबरवर असा स्क्रू असतो खरा, पण डीसीओईच्या जुन्या आणि नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे आटे वेगवेगळे आहेत, त्यामुळे सर्वांना लागू पडणारा एकच आकडा सांगणे चूक आहे.

मी भाच्याला कामाचा क्रम कळवला आहे. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक), मग ठिणगीसाठीच्या कॉन्टॅक्ट पॉइंट्सचे ०.०१५ इंच अंतर आणि ठिणगीचे टायमिंग. हे चुकलेले असताना कार्ब्युरेटरला हात लावून काहीही कळत नाही. त्यानंतर शाफ्ट, आणि मग फ्लोट. फ्लोटबद्दल संदेशात अवाक्षर नाही, आणि माझा राग त्यावरच सर्वाधिक आहे. फ्लोटला छिद्र असेल किंवा नीडल नीट बसत नसेल, तर ओव्हरफ्लो झालेले पेट्रोल गरम एक्झॉस्टजवळ सांडून आग लागू शकते. फ्लोट काढून कानाशी हलवायचा. आत पेट्रोल खळखळले तर तो बदलायचाच. हे झाल्यावर गाडीवरच्या दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणारा दांडा (लिंकेज) सैल करून हवेचा प्रवाह मीटरने समान करायचा, आणि मिक्स्चर सर्वांत शेवटी.