सोडियम उतरले म्हणजे मीठ कमी पडले, असे नव्हे

इंदूरच्या मराठी घरांत एक संदेश वरचेवर पुढे पाठवला जातो: रुग्णाच्या रक्तातले सोडियम उतरते ते अळणी जेवणाने, तेव्हा मीठ-पाणी पाजावे, सलाईन लावून घ्यावे, म्हणजे माणूस दोन दिवसांत उठून बसतो; कारण शोधून काय करायचे? गेली कित्येक वर्षे रुग्ण तपासताना या समजुतीने झालेले नुकसान मी पाहिले आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

तपासणीच्या कागदावरचा आकडा शरीरातल्या एकूण मिठाचा नसतो. तो पाण्याच्या तुलनेतला असतो, लिटरला 135 ते 145 मिलिमोल. दवाखान्यातल्या रुग्णांत तो घसरतो तो बहुधा पाणी अडून राहिल्यामुळे, कारण वेदना, मळमळ, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया किंवा फिटच्या काही औषधांमुळे एडीएच हे संप्रेरक नको तितके स्रवते आणि मूत्रपिंड पाणी सोडत नाही. हृदय किंवा यकृत थकलेल्या, पायांवर सूज असलेल्या रुग्णाच्या अंगात तर मीठ आधीच जास्त असते. त्याला आणखी मीठ देणे घातक आहे.

सलाईनचे म्हणाल, तर मे महिन्यात जुलाब-उलट्यांनी गळालेल्या माणसाला ते हवेच. मात्र एडीएच अकारण वाढलेले असेल, तर मूत्रपिंड सलाईनमधले मीठ लघवीतून टाकून देते, पाणी मात्र ठेवून घेते, आणि सोडियम आणखी घसरते. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल, तर 3 टक्क्यांचे, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त खारट सलाईन कारण शोधत न बसता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लगेच द्यावे लागते. मात्र कोणत्याही रुग्णात 24 तासांत सोडियममध्ये लिटरला 8 ते 10 मिलिमोलपेक्षा अधिक वाढ झाल्यास मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते.

‘कारण शोधून काय करायचे?’ हा तर संदेशातला सर्वांत चुकीचा भाग. रामबागेतल्या एका आजींचे सोडियम 118 होते. जीभ ओली, पायावर बोट दाबले तर खड्डा नाही, म्हणजे अंग कोरडे पडलेले नाही आणि सूजही नाही; साखर ठीक. सलाईन लावण्याआधीच लघवीचा नमुना घेतला. तिची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, 100 च्या बरीच वर आणि लघवीतले सोडियम 30 पेक्षा जास्त निघाले, म्हणजे पाणी अडत होते. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासायला पाठवले, आणि मुलाला घरातली औषधांची पिशवी आणायला सांगितली. तिच्यात तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली, थायझाइड हे सोडियम उतरवू शकणारे औषध असलेली रक्तदाबाची गोळी सापडली. ती बंद केल्यावर लघवी एकदम मोकळी होऊन सोडियम भराभर चढू शकते, म्हणून दर चार तासांनी रक्त तपासत राहिलो. दुसऱ्या दिवशी आकडा 125 झाला, आणि आजींनी मुलाला नावाने हाक मारली.