टाइलच्या खाली काय असणार, हेही करारात येऊ द्या

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून नव्या घरांतील सुविधांच्या यादीवर तीन सभा झाल्या. टाइल केवढी असावी, नळ कोणत्या कंपनीचे असावेत, ओटा किती फुटांचा हवा, यांवर सभासदांनी घसे कोरडे केले. परंतु वरच्या घरातील खलबत्त्याचा आणि खुर्च्या ओढण्याचा आवाज खाली उतरू नये म्हणून स्लॅब आणि टाइल यांच्यामध्ये काय घालणार, असे मी विचारले तेव्हा हशा पिकला. "वरच्यांना समज द्या की, काका," असे एका तरुण सभासदाने सुचवले.

समज देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण तो शेजारधर्माचा नसून बांधकामाचा आहे. १५० मिमी जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३६० किलो भरते आणि या वजनामुळे वरच्यांचे बोलणे किंवा टीव्ही बऱ्यापैकी अडतो. ठोक्याचे तसे नाही. टाइल, तिच्याखालचा सिमेंटचा माल आणि स्लॅब हे एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्यामुळे साधी वाटी पडली तरी तिचा आघात थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि तेथून भिंतींत पसरतो. मायव्हान पद्धतीत (म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून केलेल्या बांधकामात) तर भिंती आणि स्लॅब एकसंध ओतलेले असतात. खालच्या घरात हौसेने फॉल्स सीलिंग करूनही अनेकांची निराशा होते ती यामुळेच, कारण आवाज भिंतींतूनही येत असतो. (माझ्या आजोळच्या वाड्यात जाते, उखळ, पाटा-वरवंटा सगळे तळमजल्यावरच असे; माडीवर फक्त झोपायचे.)

उपाय मुळात साधा आहे. स्लॅबवर काही मिलिमीटर जाडीचा लवचीक थर अंथरायचा, तो भिंतीच्या कडेने वर वळवायचा आणि त्यावर कोबा व टाइल करायची, म्हणजे वरची जमीन स्लॅबला किंवा भिंतीला कोठेही कडकपणे टेकत नाही. यात सगळी मेख कडांना आहे: गवंड्याने स्कर्टिंगखाली थोडा माल भरला, तरी ठोक्याला वाट मिळते आणि थराचा बराचसा फायदा वाया जातो. म्हणून मोजणी हवी. इंग्लंडमध्ये नव्या सदनिकांसाठी ती केली जाते. वरच्या जमिनीवर प्रत्येकी ५०० ग्रॅमच्या ५ हातोड्या ४० मिमी उंचीवरून सेकंदाला १० ठोके देतात, आणि खालच्या खोलीत मोजलेली पातळी ६२ डेसिबलपेक्षा अधिक चालत नाही. आपल्या २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही ध्वनिरोधनाचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र विकसकाने दिलेल्या सुविधांच्या यादीत त्याचा उल्लेख मी अद्याप पाहिलेला नाही.

राहत्या घरात जाजम अंथरून आणि खुर्च्यांच्या पायांना रबर लावून थोडा फरक पडतो, तेवढा आम्ही पाडून घेतला आहे. नव्या इमारतीसाठी मी समितीला लेखी कलम दिले आहे: प्रत्येक सदनिकेत असा थर आणि ताबा देण्यापूर्वी निदान दोन घरांत मोजणी. वास्तुविशारदांनी त्यावर खर्चाआधी उंचीचा प्रश्न काढला, आणि तो रास्त आहे. थर आणि त्यावरचा कोबा मिळून मजल्यामागे चार सेंटीमीटर वाढले तर चौदा मजल्यांत ५६ सेंटीमीटर होतात, शिवाय कोब्याचे वाढीव वजन आराखड्यात धरावे लागते. म्हणजे हा निर्णय नकाशे मंजुरीला जाण्यापूर्वीच व्हायला हवा. पुढची सभा रविवारी आहे आणि विषयपत्रिकेवर पहिला विषय लॉबीतील ग्रॅनाइटचा रंग हा आहे.