ग्रँट रोडला म्हणे ‘बघण्यासारखं काही नाही’

सकाळी एक रील पाहिली आणि डोकं फिरलं. विषय मुंबईची जुनी थिएटरं. ऑपेरा हाऊसची बाल्कनी, छत, झुंबरं सगळं निवांत दाखवलं. आणि पिला हाऊस, म्हणजे ग्रँट रोडचा जुन्या नाटकघरांचा भाग? ‘पुढे रेड लाइट एरिया, बघण्यासारखं काही नाही.’ झालं, एका वाक्यात निकाल!

अहो, ऑपेरा हाऊस १९११ सालचं. पिला हाऊसची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. फोर्टातलं जुनं थिएटर कर्जापायी विकलं गेलं, नाना शंकरशेटांनी जागा दिली आणि १८४६ मध्ये ग्रँट रोडला नवं नाटकघर उभं राहिलं. गोऱ्यांना ते लांब पडायचं, म्हणून आपल्या लोकांना मिळू लागलं. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे खेळ तिथेच झाले. त्याच वर्षी पारशी मंडळीही रंगमंचावर उतरली. पुढे उर्दू नाटकं आली, तमाशाचे फड आले, मग नाटकघरांतच सिनेमाचे पडदे लागले. तिथल्या फॉकलंड रोडला तमाशातल्या पठ्ठे बापूरावांचं नाव उगाच नाही दिलं. पाटी वाचायची तसदी तरी घ्यायची!

बघण्यासारखं नाही म्हणे. तिथल्या अल्फ्रेड थिएटरची हातानं रंगवलेली पोस्टरं कुठे गेली मग? फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, तेच चौकोन कापडावर मोठे करायचे. आधी चेहऱ्याची रेघ, मग सावल्या, अक्षरं शेवटी. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा रंग फासून पुढचा नायक.

आणि वरच्या केबिनमधला, सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर? दोन हजार फुटांचं रीळ जेमतेम बावीस मिनिटं चालतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन सुरू करायचं, दुसऱ्या ठिपक्याला चित्र त्यावर घ्यायचं. मशीनचा उजेड पडतो तो कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा, आणि त्या कांड्या जळून आखूड होत जातात. त्यांच्यातलं अंतर वाढू दिलं की उजेड थरथरतो, चित्र काळवंडतं आणि खाली शिट्ट्या सुरू. घासलेल्या प्रिंटची कडेची भोकं फाटलेली असली तर फिल्म गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीत, अडकते आणि दिव्याच्या आचेनं तिथल्या तिथे करपते. तेवढा तुकडा कापून जोड मारायचा, तोही लोक खुर्च्या बडवत असताना. हे कसब नाही तर काय?

ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, काम देखणं झालंय, मान्य. पिला हाऊसच्या गल्ल्यांत बायकांची पिळवणूक झाली, तेही खरं, ते झाकूच नये. पण म्हणून तिथल्या कलावंतांना आणि कामगारांना पुसून टाकायचं? हमाल, हातगाडीवाले, गावाकडून एकटे आलेले गडी स्वस्तातल्या तिकिटावर जुने सिनेमे बघायला तिथेच तर यायचे. फिल्मच्या प्रिंट यायच्या थांबल्या. डिजिटल मशीनचा खर्च असल्या तिकिटांतून निघणार कसा?

राग जरा निवलाय, आता विनंती करतो. रील करणाऱ्या मित्रांनो, झुंबरं खुशाल दाखवा. पण कार्बनवर काम केलेले ऑपरेटर आता म्हातारे झालेत. त्यांना गाठा, जुनं मशीन कुठे शिल्लक असेल तर त्यापुढे उभं करा आणि फिल्म कशी ओवायची, कांड्या कशा जुळवायच्या, ते त्यांच्याच हातांनी करताना शूट करा.