पाच रुपयांची पावती

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने क्युबाच्या राजधानीचा, हवानाचा फोटो टाकला. रस्ताभर काळोख, दारात मेणबत्ती लावून बसलेली एक म्हातारी. खाली ओळ, "क्रांती केली की असं होतं." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हापासून कामात लक्ष नाही.

१९९२ साली मी सातवीत होते. बाबा संध्याकाळी लालबागच्या आमच्या चाळीत पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचे, मी मागे मागे. सोव्हिएत संघ कोसळला होता, क्युबाला तेल द्यायला कुणी उरलं नव्हतं आणि इथून तिकडे गहू आणि साबण पाठवायचे होते. कोपऱ्यातल्या खोलीतले काका ८२च्या गिरणी संपात घरी बसले ते कायमचे. त्यांचं दार बाबांनी मुद्दाम टाळलं. काकांनीच हाक मारली. पाच रुपये पुढे केले आणि म्हणाले, "संपात गावाकडनं ज्वारी आली म्हणून आमची पोरं जगली. फाड पावती."

आणि माहितीये, त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, की क्युबाच्या बंदरात व्यापाराला गेलेलं जहाज १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवणार-उतरवणार नाही. भुकेल्या माणसाच्या दारात उभं राहून भाजीवाल्याला दम भरायचा, याला दुसरं काय म्हणायचं?

हे काही १९५९च्या क्रांतीपासून सुरू झालेलं नाही. क्युबातून स्पेन गेला आणि अमेरिका आली. १९०१ची प्लॅट दुरुस्ती, म्हणजे अमेरिकेच्या कायद्यातली कलमं, क्युबाच्याच राज्यघटनेत घालायला लावली, वाटेल तेव्हा सैन्य उतरवायचा हक्क! १९०३ला क्युबातलं ग्वांतानामो नौदलाच्या तळासाठी भाड्याने घेतलं, ते आजही सोडलेलं नाही. वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर. क्रांतीनंतर आलेल्या फिडेल कास्त्रोच्या सरकारने पहिल्या वर्षानंतर एकही चेक वटवला नाही. क्रांतीआधी क्युबात बातिस्ता हुकूमशहा होता, तोवर अमेरिकेला लोकशाही आठवली नाही. फिडेलने जमीन कुळांना वाटायला घेतली, आणि पुढे अमेरिकेचं साखर घेणं बंद! मग १९६१ला पिग्जच्या उपसागरात अमेरिकेने तयार केलेली क्युबन निर्वासितांची फौज, १९६२ला पूर्ण व्यापारबंदी. साठ वर्षं उलटली.

हो, तिथे एकच पक्ष आहे. जुलै २०२१मध्ये रस्त्यावर उतरलेल्या पोरांना तुरुंगात टाकलं, ते चूकच. वीजकेंद्रं जुनी झाली, सरकारचेही निर्णय फसले. मान्य. पण गळा धरलेल्या माणसाला "तुझा आवाज का बसलाय" असं विचारायचं नसतं.

संयुक्त राष्ट्रांत १९९२पासून जवळपास दरवर्षी या व्यापारबंदीविरुद्ध ठराव होतो, आपला देशही बाजूने मत देतो. फरक शून्य.

आत्ता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. फोटो टाकणारा मित्रही त्याच चाळीत वाढलाय. त्याच्याही आईने तेव्हा पैसे दिले होते, मला दिसतंय ते दार. त्याला ते आठवत नसेल.

मघाशी बाबांना फोन केला. ऐंशी उलटलेत, ऐकायला कमी येतं. क्युबात दिवे नाहीत म्हणून सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आता पावतीपुस्तक कुणाकडे आहे?"