मणक्यातल्या हायडॅटिडला सुई का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की लिव्हरमधली हायडॅटिडची गाठ (फीतकृमी जंताच्या अळीमुळे होणारी, पाण्याने भरलेली) सुईने रिकामी करतात, सोबत अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देतात आणि पेशंट बरा होतो, मग मणक्यात तोच जंत असताना मी "सुई नको, ऑपरेशन करा" म्हणत लोकांना उगाच घाबरवतोय. लिव्हरचं बरोबर आहे तुमचं, ठराविक टाइपच्या गाठींना ते चालतं. पण तिथे गाठीभोवती जाड कवच तयार झालेलं असतं. हाडात ते बनतच नाही, गाठ जाळीदार हाडातून वाट मिळेल तिकडे घुसत जाते, बारीक बारीक फुगे होतात, मग सुई घालून रिकामं करायचं तरी काय? वर जंत मारायला लिव्हरमध्ये सोडतात ते तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल स्पायनल कॉर्डला (मज्जारज्जूला) लागून कोण सोडणार? आणि गाठीतलं पाणी गळलं तर आजूबाजूला नव्या गाठी रुजू शकतात, जोरदार अ‍ॅलर्जी येऊन बीपी कोसळू शकतं, पेशंटच्या जिवावर बेततं हो.

बायोप्सीला, म्हणजे तपासणीसाठी सुईने तुकडा काढायला, माझा विरोध नाही. मणक्याच्या टीबीचा संशय असेल तर ती हवीच, आणि हे दोन आजार एमआरआयवर भल्याभल्यांना चकवतात. टीबीत मणक्यांमधली डिस्क बऱ्याचदा खराब होते, हायडॅटिडमध्ये बहुतेक वेळा शाबूत राहते. म्हणून सुईआधी पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्सरे, रक्तातली अँटीबॉडी टेस्ट करा, एवढंच माझं म्हणणं. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असंही नाही, हाडाच्या हायडॅटिडमध्ये ती निगेटिव्ह येऊ शकते.

गोळ्या मी नाकारतच नाहीये. अल्बेंडाझोल ऑपरेशननंतरही कित्येक महिने लागतं, तेलातुपाच्या जेवणासोबत घेतलं तर अंगात जास्त उतरतं, आणि लिव्हरच्या व रक्ताच्या टेस्ट अधूनमधून कराव्याच लागतात. पण हाडात औषध कमी पोचतं, आणि कॉर्डवर आलेला दाब गोळीने लगेच उतरत नाही. ऑपरेशन करूनही आजार उलटतो, त्यामुळे वर्षानुवर्षं एमआरआय करत राहावं लागतं, हे मी लपवणार नाही.

"जंताची गोळी घेऊन तर बघा" हा तुमचा सल्ला मात्र प्लीज काढा. मणक्यात हायडॅटिड नसून सिस्टिसर्कस (डुकराच्या मांसातल्या फीतकृमीची अळी, हा वेगळा जंत) असेल तर औषधाने अळी मरताना सूज येते, त्या अरुंद जागेत कॉर्ड दाबला जातो, म्हणून तिथे आधी स्टेरॉइड देतात. तुमच्या काकांना फक्त गोळ्या चालू आहेत असं लिहिलंय, तर पाय जड पडायला लागले किंवा लघवी अडली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी स्पाइन सर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.